घरची मॅच

मोशी
२० सप्टेंबर २०२३

उद्धवराव,

नमस्कार. गणपती बसले. शालनने मोदक केलेत, ते विजयश्रीताईंना आणि तुम्हाला पाठवतोय. डबा परत आला नाही तरी चालेल, पोरगी आली पाहिजे.

साडू साडूला कागदावर लिहितो म्हणून हसू नका. उभी हयात चाकणला पॉवर प्रेसपुढे गेली, कान तिथेच राहिले. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. मेसेज करावा तर आमच्या घरचा फोन शालनच्या हातात आणि तुमच्या घरचा ताईंच्या. दोघी बहिणी आधी वाचणार आणि त्यातलं आपल्याला काय सांगायचं ते ठरवणार. म्हणून ही चिठ्ठी स्वरूपाच्या पिशवीत, डब्याखाली. भाताच्या शितांनी चिकटवली आहे.

दरवर्षी मूर्ती आणायला आम्ही बाप-लेक जातो. पाट तिच्या हातात, छत्री माझ्या. यंदा दोन्ही मीच धरलं. आदल्या दिवशी ती बालेवाडीला मॅचमध्ये मैदानाच्या कडेला उभी राहून चेंडू आणून देत होती, आणि मंगळवारी म्हणे पाय दुखत होते. आली ती आज. नवे बूट घालून.

"काकांनी घेतले, बाबा."

मी मागच्या वर्षी घेतलेले कुठे गेले ते विचारलं. म्हणाली, "ते लहान झाले." पाय वाढतो हे खरं. बापाला विचारून वाढत नाही.

आता मुद्दा. श्रावणात आपलं ठरलं होतं. मुंबई सिटीचा फुटबॉल संघ आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत उतरलाय, त्यांच्या मॅच बालेवाडीला आहेत, स्वरूपाच्या कोचने तिला चेंडू देणाऱ्या मुलींत घेतलंय आणि मोशीहून पहाटे दोन बस बदलून सरावाला पोचणं अवघड. म्हणून संघ स्पर्धेत आहे तोवर ती मारुंजीला मावशीकडे राहील, मग घरी. तुम्ही मान डोलावली होती.

सोमवारी मुंबईवाले इराणच्या नसाजीकडून दोन-शून्य हरले, असं कंपनीत विलासने सांगितलं. आपल्या भूमच्या जत्रेत पाठ लागली की पैलवान धूळ झटकून घरी जातो. मोशीच्या टेनिस-बॉल चषकातही हरला तो गेला. तेव्हा मुंबईवाले गेले. रविवारी पोरीला सामानासकट पाठवून द्या.

एक मात्र समजलं नाही. संघ मुंबईचा, आणि बालेवाडीच्या मॅचला म्हणायचं घरची मॅच. तिथे ते यजमान. दुसऱ्याच्या घरात यजमान होऊन बसायची नवी पद्धत पडलेली दिसते.

सयाजी

---

मारुंजी
२४ सप्टेंबर २०२३

सयाजीराव, रामराम!

मोदक संपले. डबा पाठवतोय, पोरगी संध्याकाळी परत पाठवा.

तुमची चिठ्ठी कंपनीवाल्यांना न्यायच्या माझ्या ट्रॅव्हलरमध्ये वाचली आणि एवढा हसलो की मागच्या सीटवरच्या कंपनीतल्या मॅडमनी विचारलं, "काका, काय झालं?" काय सांगू त्यांना? माझे साडू फुटबॉलला जत्रेतली कुस्ती समजतात म्हणून?

अहो राव, इथे पाठ लागली तरी घरी जाता येत नाही. चार संघांचा गट आहे. आपली मुंबई, इराणचा नसाजी, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि सौदीचा अल हिलाल. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. हरा नाहीतर जिंका, सहा मॅच होणारच. शेवटची चार डिसेंबरला, बालेवाडीलाच. आणि गटात वर राहिले तर पुढचं फेब्रुवारीत. तेव्हा आमच्या घरी सध्या रोज मुंबईसाठी उदबत्ती लागते.

यजमानांचं म्हणाल, तर मुंबईचं मैदान या स्पर्धेच्या नियमात बसलं नाही म्हणतात. ज्याच्याकडे जागा असते त्याच्याकडे पाहुणा येतो. यात कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

बूट मी घेतले, कारण जुन्यातून अंगठा बाहेर आला होता. ती तुम्हाला सांगायला लाजत होती.

मॅच टीव्हीवर होती, पाहिली का? आम्ही दोघं गेलो होतो. आमच्या खुर्च्यांच्या अगदी खाली टीव्हीवाल्यांचा कॅमेरा. मी उत्साहाने उभा राहिलो की तो कॅमेरावाला ओरडायचा, "ओ काका, बसा ना!" स्वरूपा गोलच्या मागे, हात पाठीशी बांधून, सैनिकासारखी. त्या मुलींना टाळी वाजवायची नाही, हसायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही असं बजावलेलं आहे. मॅच संपल्यावर मात्र आमच्या स्टँडसमोर आली आणि दोन्ही पंजे वर करून, बोटं पसरून उभी राहिली. चेंडू माझ्याकडे राहिला नाही, असं मॅचच्या साहेबांना दाखवत असेल. आम्ही हात हलवला.

काळजी नसावी. पोरगी आनंदात आहे.

उद्धव

---

मोशी
८ ऑक्टोबर २०२३

उद्धवराव,

आशियाची ही स्पर्धा ज्याने आखली त्याला कुस्ती ठाऊक नसावी. हरलेल्याला पुन्हा पुन्हा हरवण्यात काय न्याय आहे? तरी तुम्ही म्हणता तर तसं. मंगळवारी नवबहोरकडून तीन-शून्य झालं, विलासने सांगितलं. वाईट वाटलं असं लिहिणार नाही.

मी टीव्ही लावत नाही. आवाज मोठा केला तर शेजारी येतात, लहान ठेवला तर मला नुसते ओठ हलताना दिसतात. आणि त्या मैदानावर माझं काय आहे? चेंडू देणारी पोरगी त्यात दिसणार किती?

एक विचारतो. तुम्ही लिहिलंत की ती दोन्ही पंजे वर करून उभी राहिली. ते कुणाकडे बघून? साहेबांकडे की तुमच्याकडे? नीट आठवून लिहा.

आणखी एक. पोरगी हल्ली चहा बशीत ओतून पिते. आमच्या घरी कुणी बशीत पीत नाही. शालन म्हणाली, "पिऊ द्या की, बशी काय परक्याची हाय?" पितृपक्ष चालू आहे, या दिवसांत घरात आवाज चढवू नये.

सयाजी

---

मारुंजी
१५ ऑक्टोबर २०२३

सयाजीराव,

घट बसले आज. विजयश्रीने स्वरूपाच्या हातून धान्य पेरून घेतलं. आमच्या घरी असं पहिल्यांदाच झालं, नाहीतर इतकी वर्षं आम्ही दोघंच.

पंज्यांचं विचारलंत. मी विजयश्रीलाही विचारलं. तिचं म्हणणं ठाम आहे, साहेब तेव्हा पलीकडे होते आणि स्वरूपा सरळ आमच्या दिशेने बघत होती. म्हणजे आमच्याकडेच. एवढं का विचारता? काही चुकलं का तिचं?

बशीबद्दल माफी नाही. सकाळी साडेपाचला तिला मैदानावर सोडायचं, मग हिंजवडीची माझी पहिली फेरी. गरम चहा कपाने पीत बसलो तर दोघांनाही उशीर. ती फुंकर मारते आणि म्हणते, "काका, तुमचा टायर पंक्चर होईल पण चहा गार होणार नाही." गाडीत पुढे माझ्या शेजारी बसते. कंडक्टरसारखी सरावाच्या इतर मुलींना हाका मारते. मला आता गाडी रिकामी असली की चालवायला नको वाटतं.

तुम्ही दर एकादशीला आळंदीला जाता. खरं सांगा, माउलीपाशी काय मागता? इकडे आम्ही उदबत्ती लावतोय आणि संघ गोलसुद्धा करेना. मला तुमचा संशय येतोय, राव.

उद्धव

---

मोशी
२५ ऑक्टोबर २०२३

उद्धवराव,

दसऱ्याचं सोनं पाठवतोय.

संशय खरा आहे. मुंबई हरू दे, पोरगी घरी येऊ दे, एवढं मी माउलीपाशी मागितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रियाधला अल हिलालने सहा गोल घातले हे विलासने सांगितलं तेव्हा मात्र हातातला पत्रा खाली ठेवला. सहा मी मागितले नव्हते. त्या पोरांचीही कुणी घरी वाट बघत असेल. समाधीपाशी जाऊन सांगून आलो की यापुढे या विषयात मी काही मागत नाही.

आता पंज्यांचं. सांगणार नव्हतो, पण मनात ठेवून झोप येत नाही. ते चेंडूचं नाही.

आमच्या प्रेस शॉपमध्ये तोंडाची भाषा चालत नाही, आवाजच तेवढा. डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्रा ठेवला की जोडीदार दोन्ही पंजे वर करतो, बोटं पसरून. म्हणजे माझे हात बाहेर आहेत, मी सुखरूप आहे, मार स्ट्रोक, येऊ दे प्रेस खाली. आता यंत्रांना सेन्सर आलेत, तरी आम्ही जुनी माणसं पंजे दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. विलासची बोटं आठच राहिली आहेत. तोही आठ पसरून दाखवतो आणि हसतो.

स्वरूपा बालवाडीत होती तेव्हापासून शिफ्टवरून आलो की मी दारात उभा राहून दोन्ही पंजे दाखवायचो. ती मोजायची. दहा भरली की मला घरात घ्यायची. एकदा चेष्टेने अंगठा दुमडला तर रडून गल्ली गोळा केली. मोठी झाल्यावर शाळेतून आली की तीही दारात दाखवायला लागली. बाहेर गेलेल्याने घरच्याला दाखवायचं, असा आमचा नियम. शालनलासुद्धा ती दाखवत नाही. ते आमच्या दोघांचं आहे.

मारुंजीला गेल्यापासून तिने मला दारात पंजे दाखवलेले आठवत नाहीत. तुम्हाला दाखवले.

बूट घ्या, चहा पाजा, पुढच्या सीटवर बसवा. पण हे तुमच्याकडे कसं गेलं, ते मला समजत नाही. दिवाळीला ती इकडे येईल. पुढचं तेव्हा बघू.

सयाजी

---

मारुंजी
१९ नोव्हेंबर २०२३

सयाजीराव,

ही चिठ्ठी पोस्टाने येतेय, कारण आपली पिशवी तुम्ही अडकवून ठेवली आहे.

भाऊबीज झाली, शाळा-कॉलेजं सुरू झाली, पोरगी परत नाही. विजयश्रीने फोन केला तर शालन म्हणते, "ह्यांनी ठेवून घेतलीय. मुंबई बाहेर पडली म्हणतात." बरोबर, अल हिलालने भारतात येऊनही दोन-शून्य हरवलं, पुढे जायची आशा संपली. तुमची कुस्ती अखेर निकाली झाली. पण दोन मॅच उरल्यात आणि त्यातली शेवटची बालेवाडीला आहे. तिचं नाव यादीत आहे. कोच मला विचारतात, मी काय सांगू? तिच्या बापाला मी आवडत नाही?

तुम्ही जळता, सयाजीराव. एवढा देवाचं करणारा माणूस, पण पोरगी दुसऱ्याच्या दारात हसली तर तुम्हाला सोसत नाही. मी चिडलो आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. बाहेर गेलेल्याने घरच्याला दाखवायचं, हा नियम तुम्हीच लिहून दिलात. ती मला दाखवते. मग तिचं घर कुठलं, हेही तुम्हीच लिहून दिलंत.

हे वाचून तुम्हाला लागेल. लागू दे. मला सोळा वर्षं लागतंय.

ती जन्मली तेव्हा तुम्ही सेकंड शिफ्टला होतात. भोसरीच्या त्या दवाखान्यात शालनजवळ विजयश्री होती आणि बाहेर बाकावर मी. नर्सने दुपट्यात गुंडाळून आणली आणि विचारलं, "बाप कुठंय?" मी म्हणालो, "येतोय." तरी तिने माझ्याच हातात दिली. तुम्ही येईपर्यंत ती माझ्याकडे होती. मग तुम्ही आलात, तेलाचे हात पुसत, आणि मी ती तुम्हाला दिली. तेव्हापासून मी बारशाला, मग प्रत्येक वाढदिवसाला पेढे घेऊन येतो आणि संध्याकाळी आम्ही दोघं रिकामी गाडी घेऊन मारुंजीला जातो. तुम्हाला ठाऊक आहे का, रिकाम्या ट्रॅव्हलरचा आवाज कसा असतो? तुम्हाला ऐकू येत नाही, ते बरं आहे.

शेवटच्या मॅचला तिला पाठवा. मग तुमची तुम्हाला.

उद्धव

---

मोशी
२६ नोव्हेंबर २०२३

उद्धवराव,

चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. नर्सचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीच्याला उत्तर देत नाही. राग आहे. माझा राग सावकाश येतो आणि सावकाश जातो, त्याला वेळ द्यावा लागतो.

पोरगी इथे कुणाशी भांडली नाही. जेवते, आईला मदत करते, विचारलं तेवढं बोलते. संध्याकाळी गच्चीवर जाते आणि टाकीखालच्या भिंतीवर चेंडू मारत राहते. मला ऐकू येत नाही. पण खाली त्याच भिंतीला पाठ टेकून बसलो की एकेक फटका मणक्यात येतो. परवा शालन म्हणाली, "आवो, भिंत पडंल की एक दिवस!" मी म्हणालो, "भिंत धड आहे." ती म्हणाली, "मंग पोरीचं तरी बघा."

आज तिला पाठवतोय. शेवटची मॅच होऊ दे. त्यानंतरच्या रविवारी सामानासकट घरी, ठरल्याप्रमाणे. तुम्ही शब्द दिलेला आहे.

मॅचला या म्हणून आग्रह करू नका. त्या दिवशी माझी शिफ्ट आहे.

सयाजी

---

मारुंजी
५ डिसेंबर २०२३

सयाजीराव,

संपलं एकदाचं. मुंबई काल नवबहोरकडून दोन-एक हरली. सहाच्या सहा हरले, घरी तीन, बाहेर तीन. पण एक गोल झाला, राव! सबंध स्पर्धेत एकच. लोक असे नाचले की कप जिंकलाय. विजयश्री तर माझ्या खांद्यावर चढायची बाकी होती.

कॅमेरावाल्याने या वेळी मला सोडलं नाही. मध्यंतराला माणूस पाठवून आम्हाला तिथून उठवलंच. वरच्या बाजूला जाऊन बसलो. आणि गंमत ऐका. मॅच संपल्यावर स्वरूपा आली ती आमच्या जुन्या जागेकडेच बघत. तिला काय ठाऊक आम्ही सरकलोय! तिथेच बघून तिने दोन्ही पंजे वर केले. मी आपला पायऱ्यांवरून धडपडत खाली पळालो, जुन्या जागेवर उभा राहिलो आणि निळा टॉवेल फिरवला. कॅमेरावाला शिव्या देत होता. देऊ दे. पोरीचे हात हवेत राहायला नकोत.

मागच्या चिठ्ठीत मी घराबद्दल जे लिहिलं ते वाईट लिहिलं. जळणाऱ्या माणसाने लिहिलं होतं, असं समजा. तुम्हाला म्हटलं तसा मीही त्यातलाच.

तिची बॅग विजयश्रीने भरली आहे. बूटही आत ठेवलेत. शब्द दिलाय. रविवारी मी स्वतः सोडायला येतो.

उद्धव

---

मोशी
१० डिसेंबर २०२३

उद्धवराव,

तुम्ही गच्चीवर शालनशी बोलताय तोवर हे लिहितोय. आळंदीच्या गर्दीने रस्ते वळवलेत, तरी तुम्ही लांबून फिरून वेळेवर आलात. माझ्या हातात बॅग दिलीत तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मीही बघितलं नाही.

बॅग मी उघडलेली नाही. ती तशीच गाडीत ठेवतोय, स्वरूपासकट. बारावी होईपर्यंत ती तुमच्याकडे राहू दे, सराव चालू दे. दर रविवारी मात्र इकडे. सणाला मूर्ती आणायला मला पाट धरणारी हवी. बाकी दिवस तुम्ही यजमान.

पंज्यांबद्दल. ती तिच्या घरच्या माणसाला दाखवत होती. तुम्ही पायऱ्या उतरून पळालात, ते योग्य केलंत.

दवाखान्यात मला यायला उशीर झाला होता. तोवर तुम्ही धरलीत. त्याचे आभार तेव्हा मानायचे राहिले.

पुढच्या महिन्यापासून बूट मी घेणार. यावर वाद नको.

सयाजी

---

मोशी
१० डिसेंबर २०२३

चि. स्वरूपा,

ही चिठ्ठी डब्यात वरच्या झाकणाला चिकटवली आहे. मावशीच्या आधी तू उघडशील अशी आशा आहे. एकटी असताना वाच.

मॅचच्या सोमवारी मी शिफ्टला गेलो नव्हतो. आईलाही खोटं सांगितलं. रजा टाकून बालेवाडीला आलो, तिकीट काढलं आणि काका-मावशी बसतात त्याच स्टँडमध्ये पार टोकाला, एका ढोलवाल्याच्या मागे बसलो. मला बघायचं होतं, तू काकांना पंजे कसे दाखवतेस ते. हेच खरं कारण. बाप म्हणून आलो असं सांगणार नाही.

गोल झाला तेव्हा कानातलं यंत्र इतकं शिट्ट्या मारायला लागलं की काढून खिशात घातलं. बघतो तर मी उभा होतो आणि दोन्ही हात वर. ज्या संघाने हरावं म्हणून मी देवाला साकडं घातलं, त्याच्यासाठी. तुम्हा मुलींना टाळीसुद्धा वाजवायची नाही हे मला माहीत होतं. तू हात पाठीशी ठेवलेस, तोंड सरळ ठेवलंस. पण टाचा उचलल्या होत्यास. एवढ्या गर्दीत ते कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं.

मग मॅच संपली. काका वर, तिकडच्या कोपऱ्यात. तू त्यांच्या जुन्या जागेसमोर आलीस. तिथे कुणीच नव्हतं, खाली नुसता टीव्हीचा कॅमेरा. कॅमेरावाल्याने तो खेळाडूंकडे वळवला, तर तू कडेकडेने चालत पुन्हा त्याच्यासमोर गेलीस, थांबलीस, आणि दोन्ही पंजे वर केलेस. तेव्हा मला समजलं.

तू मोशीला दाखवत होतीस.

मी सप्टेंबरपासून एकदाही टीव्ही लावला नाही. सोमवारी तर घराला कुलूप होतं. आई भजनाला गेलेली. तू ज्या घराला दहा बोटं दाखवत होतीस त्या घरात कुणी नव्हतं, आणि घरातला माणूस तुझ्यापासून थोड्या अंतरावर ढोलामागे बसून दुसऱ्याचा हेवा करत होता. मी उठून दोन्ही पंजे वर केले. मागच्याने शर्ट ओढला, बसा म्हणत असेल. तू बघितलं नाहीस. तुझं लक्ष घराकडे होतं.

घरी येताना बसमध्ये आणखी एक आठवलं. रविवारी तू येतेस तेव्हा मी दाराकडे पाठ करून नाहीतर पेपर तोंडापुढे धरून बसतो. रुसून. तू दारात उभी राहून पेपरलाही पंजे दाखवले असशील. आणि मी काकांना लिहून मोकळा झालो की तू दाखवत नाहीस.

आता एक काम कर. कॅमेऱ्याचं काकांना सांगू नकोस. त्या दिवशी ते पायऱ्यांवरून टॉवेल घेऊन कसे पळाले ते तू पाहिलंस का? मी पाहिलं. पडता पडता वाचले. मला आधी हसू आलं, मग बरं वाटलं की ते फसलेत, आणि मग ते बरं वाटणंच नकोसं झालं. खोटं लिहायला माझा हात वळत नाही, म्हणून त्यांना एवढंच लिहिलंय की तू घरच्या माणसाला दाखवत होतीस. ते खोटं नाही, असं मी ठरवलंय. तूही तसंच ठरव. आणि अधूनमधून त्यांनाही दाखव. दहा बोटं वाटून संपत नाहीत.

हेवा अगदी गेला असं समजू नकोस. चहा इथे कपानेच प्यायचा.

मुंबईवाले पुन्हा कधी आशियात खेळतील आणि तू टीव्हीवर कधी दिसशील, ठाऊक नाही. त्यावर आता मी विसंबून नाही. रविवारी येशील तेव्हा मी पेपर वाचत असलो तर तो ओढून घे. आधी हात दाखव, चपला मग काढ. मी मोजेन.

तुझे बाबा